आपोआप लागलेलं कुलूप

कोल्टर्स बेंड, मॉन्टाना
३ मार्च २००९

ऑरिन,

तुझा पत्ता चर्चच्या पाळकांच्या बायकोकडून घेतला. तिला तू नाताळचं कार्ड पाठवतोस. सख्ख्या बहिणीला नाही पाठवत, ते असो.

कामापुरतं लिहिते. रॉईसला अस्वलानं फाडलं त्याला येत्या ऑगस्टात तीन वर्षं होतील. तीन वर्षं उलटली की रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावता येत नाही, असं वेन्डेलनं शोधून काढलंय. तो यात रॉईसचा चुलतभाऊ म्हणून पडला असता तर मला काही वाटलं नसतं. पण तो पडलाय बंदूक क्लबचा अध्यक्ष म्हणून. मिसूलाहून वकील आणलाय, दावाही लावलाय. आमचा वकील आणि कंपनीचा वकील मिळून आमच्या सगळ्यांचे शपथेवर जबाब घेणार आहेत. रॉईसचा, वेन्डेलचा, बायको म्हणून माझा. आणि तुझाही, कारण बंदूक तुझ्या दुकानातून गेली आणि तिच्यात कारखान्यानं बसवलेलं कुलूप काढून द्यायला तूच नाही म्हणालास.

ते किल्ल्यांचं विचारतील. सगळ्या गावाला पाठ आहे ते: खोक्यात दोन किल्ल्या आल्या, आणि क्लबच्या वनभोजनाला रॉईसनं दोन्ही पुलावरून नदीत फेकल्या. किती टाळ्या पडल्या होत्या! त्या वर्षी तर रिवाजच झाला होता तो. नवी बंदूक घेतली की आधी पुलावर जायचं. “बंदुकीला कुलूप? उद्या कुऱ्हाडीला टोपण घालतील!” हे वेन्डेलचंच वाक्य. किल्ली गेली म्हणजे कुलूप गेलं, असं या शहाण्यांना वाटायचं. आणि आता दाव्यात सगळा जोर त्यावरच आहे. किल्लीच नव्हती, तर कुलूप लावलं कुणी? कुणीच नाही, ते आपोआप लागलं आणि ऐन वेळी बंदूक उडाली नाही.

तिसऱ्या किल्लीचं तुला आणि मला ठाऊक आहे. विकायच्या वेळी लागेल म्हणून मी मागितली आणि तू दुकानाच्या मागल्या दारी माझ्या हातात ठेवलीस.

विचारतील तेवढंच सांग. इतके दिवस गप्प बसलास, आणखी एक दिवस बस.

रॉईसचं जसं होतं तसंच आहे. उजवा हात कोपरापासून नाही, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. चमचा धरायला शिकलाय. मांस मी कापून देते.

आर्डिथ


२४ मार्च २००९

ऑरिन,

तुझं कार्ड आलं. “विचारलं तर सांगेन.” तीन वर्षांनी तीन शब्द, खाली सहीसुद्धा नाही. चित्र मात्र छान निवडलंस, वाळवंटातला सूर्यास्त. नेवाडात भलताच सुखात दिसतोस.

तर सांग बाबा. तेव्हा का नाही सांगितलंस? लोक दुकानासमोरून थुंकून जायचे, तेव्हा सांगायचं होतंस. दुकानाच्या दारावर काळ्या रंगानं हातभर मोठं कुलपाचं भोक रंगवलं कुणीतरी. ते घासून काढताना मी समोरच्या फुटपाथवरून तुला पाहिलं आणि तशीच पुढे गेले. तेव्हा मला हाक मारायची होतीस. इस्पितळाच्या व्हरांड्यात अर्ध्या गावासमोर मी ओरडले, “तू ते कुलूप काढलं असतंस तर त्याचा हात असता! नीघ इथून!” तेव्हा तरी म्हणायचंस की आर्डी, किल्ली तुझ्याकडे होती. नाही म्हणालास. टोपी उचललीस आणि निघालास. तू गप्प राहिलास हा तुझा मोठेपणा, असं तुला वाटत असेल. तो मोठेपणा इथे माझ्या ताटात वाढलेला असतो, रोज.

रॉईस तुझ्याकडे तीनदा आला होता ना कुलूप काढायला? आणि तू तिन्ही वेळा तेच सांगितलंस, की कारखान्यानं बसवलेला सुरक्षेचा भाग मी काढला आणि उद्या काही झालं तर माझं दुकान जाईल. नाही काढलास. दुकान तरी कुठे राहिलं?

त्या दिवशीचं तू लोकांच्या तोंडून ऐकलंस, माझ्याकडून नाही. मी घरी नव्हते. ओल्सनांच्या घरी मयत झालं होतं, तिकडे जेवण पोचवायला गेले होते. मागे वेन्डेल आला आणि रॉईसला हकलबेरीची रानफळं खुडायला वर डोंगरात घेऊन गेला. रॉईसनं खुंटीवरची बंदूक कमरेला लावली. झुडपांत पिलांसह अस्वलाची मादी होती. तिनं वीस पावलांवरून धाव घेतली. रॉईसनं बंदूक काढली, नेमही धरला. चाप ओढला तर चाप हलेना. घोडा हलेना. वेन्डेल सांगतो, रॉईस ओरडला, “अगं, उड ना!” बंदुकीला म्हणाला, माणसाला म्हणावं तसा. मग ती अंगावर आली. वेन्डेलला गाडीतून रायफल आणून बार काढेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

बंदूक गवतात सापडली. घोड्याशेजारची ती बारीक पत्री वर आलेली होती. कुलूप लागलं की वर येते ती. वेन्डेलनं तिचे फोटो काढले. क्लबात भिंतीवर लावलेत.

ते कुलूप मी लावलं होतं. संध्याकाळी लावायचं आणि सकाळी काढायचं, अशी माझी सवय होती. त्या दिवशी मयताच्या घाईत काढायचं विसरले. झालं? एवढंच आहे. देवाला मी हे कधीच सांगितलंय.

आर्डिथ


११ एप्रिल २००९, ईस्टरच्या आदला दिवस

ऑरिन,

काल शुभ शुक्रवारी देवळात गुडघे टेकले आणि प्रार्थना सुचेना. मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलंय ते काढून टाकल्याशिवाय मला उद्या तिथे जाऊन बसता येणार नाही.

मी विसरले नव्हते.

तू विचारलं नाहीस की मी कुलूप लावायचेच का. तुला वाटलं असेल, बायकांची जात, बंदुकीला भ्यायली. मी तुझ्या आधी गोळी चालवायला शिकले आहे, अण्णांनी मला शिकवलं आणि मी तुला. मी बंदुकीला कशाला भिऊ?

लाकडाची गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. एकतीस वर्षं करवतीवर उभा राहिलेला माणूस घरी बसला. पहिले दोन महिने त्यानं घरातली प्रत्येक कुरकुरणारी फळी ठोकली. मग ठोकायचं संपलं. मग त्यानं लांबच्या बंदुका वेन्डेलकडे नेऊन ठेवल्या, सगळ्या, आजोबांची सुद्धा. “पडून राहतात, तू वापर,” म्हणाला. तेव्हाच मी समजायला हवं होतं. मी म्हटलं, बरं झालं, कोपरा मोकळा झाला.

जानेवारीत एका दुपारी त्याला जेवायला बोलवायला शेडमध्ये गेले. तो उलट्या बादलीवर बसला होता. रिव्हॉल्व्हरची नळी हनुवटीखाली होती. डोळे मिटलेले. मी दारातून मागे आले, ऑरिन. ओरडले नाही, धावले नाही. स्वयंपाकघरात आले, मोठं पातेलं उचललं आणि मुद्दाम फरशीवर टाकलं. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. शेडमधून तो ओरडला, “काय पडलं गं?” मी म्हटलं, “सूप. ये, उरलंय तेवढं खाऊन घे.” तो आला. जेवला. मीठ कमी आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे किल्ली मागायला आले.

बंदूकच लपवली का नाही, म्हणशील. लपवली असती तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. रॉईसला तू ओळखतोस. तो ते सोसू शकला नसता. आणि कमरेची बंदूक काढून घेतली तर या गावात त्याच्याजवळ माणूस म्हणून राहिलं काय होतं? शनिवारी क्लबात जाऊन सहा गोळ्या चालवायच्या, तेवढीच त्याची मानाची जागा. म्हणून तो बातम्यांसमोर बसला की मी खुंटीपाशी जायचे, घड्याळाला चावी द्यावी तेवढंच फिरवायचं. सकाळी कॉफीचं पाणी उकळायच्या आत परत उघडायचं. सात महिने हे चाललं. पत्री वर आलीय की नाही हे तो कधी बघायचा नाही. किल्ल्या नदीत, मग बघायचं कशाला?

अस्वलाच्या त्या दिवशी गिरणीचं धुराडं पाडणार होते. गाव सगळं खुर्च्या घेऊन बघायला निघालं होतं. रॉईस सकाळी म्हणाला, “मी नाही जात. मी आज कुठेच नाही जात.” अंड्याला हात लावला नाही. म्हणून मी कुलूप तसंच ठेवलं. जाणूनबुजून ठेवलं. ओल्सनांकडे जाताना वेन्डेलला मीच फोन केला की तो एकटा आहे, जरा डोकावून ये. वेन्डेलनं त्याला बाहेर काढलं, बिचाऱ्यानं चांगलंच केलं.

हे सगळं रॉईसला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, आता तुला आहे. हे मी शपथेवर सांगितलं तर तुझं नाव सुटतं आणि रॉईसचं जातं. नाही सांगितलं तर तू आहेस तसाच गावाच्या दृष्टीनं त्याचा हात खाल्लेला माणूस. आता तू सांग, कोणत्या बाजूनं देवाला तोंड दाखवू?

आर्डी


३० एप्रिल २००९

ऑरिन,

तू उत्तर दिलं नाहीस. मी मध्यम मार्ग काढायला गेले आणि तोंडावर पडले, ते ऐक.

काल बुधवारची प्रार्थना होती. उठून मनातलं सांगायची, साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. आजवर कधी राहिले नव्हते, सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, “रॉईसच्या बंदुकीचं कुलूप आपोआप लागलं नाही. माझ्याकडे तिसरी किल्ली होती. कुलूप मी लावलं होतं. माझ्या भावाची यात चूक नाही.” एवढंच. शेडचं बोलले नाही.

कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही. मग वेन्डेल बाकावरून उठला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला, मायेनं हसला. “वहिनी, लोणच्याची बरणी उघडायला तू रॉईसला हाक मारायचीस. तू बंदुकीला कुलूप लावणार?”

“लावलं.”

“का लावलंस?”

याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं आणि ते दुसऱ्या बाकावर बसलं होतं, रिकामी बाही पिनेनं वर लावून.

“बघा,” वेन्डेल सगळ्यांना म्हणाला, “भाऊ आहे. आपणही आपल्या भावासाठी केलंच असतं. कुणी वहिनीला बोल लावू नका.” मिसेस टिबेट्स माझा हात थोपटायला लागली. पाळक म्हणाले, प्रभूला सगळं माहीत आहे, आणि सगळ्यांनी रॉईसकडे बघितलं.

रॉईस म्हणाला, “दमलीय ती. झोप नाही तिला.”

गाडी मीच चालवते आता. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, “मी का लावायचे ते तुला कळलंय, रॉईस. आत्ता तिथे बसल्या बसल्या कळलंय.”

“रेडिओ लाव,” म्हणाला.

लावला. घरापर्यंत गव्हाचे भाव ऐकले.

म्हणजे खरं सांगून पाहिलं, ऑरिन. अर्ध्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ठेवावा तरी का? हे लोक मूर्ख नाहीत. हलक्या धातूच्या बंदुकीत जड काडतूस घातलं की धक्क्यानं असलं कुलूप सरकू शकतं, असं ते म्हणतात. असेलही तसं. मला त्यातलं कळत नाही. आमच्या बंदुकीचं तसं झालं नाही, एवढंच मला कळतं.

जबाब १४ मेला आहेत. तुझा त्याआधी तिकडेच घेणार आहेत म्हणे. मी काय बोलणार ते मलाच ठाऊक नाही.

आर्डी


७ जून २००९

ऑरिन,

तुला कंपनीच्या वकिलानं कळवलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐक.

दिवाणी कचेरीच्या वरच्या खोलीत टेबलाभोवती बसलो होतो. टाइप करणारी बाई, दोन वकील, रॉईस माझ्या समोर. त्याच्या शेजारी वेन्डेल नव्हता, त्याला बाहेर बसवलं होतं. कंपनीचा वकील तरुण होता, नम्र होता, मला सारखा मॅडम म्हणत होता. त्यानं विचारलं, “किल्ल्या किती?” मी म्हटलं, “तीन.” आमच्याच वकिलाच्या हातातलं पेन थांबलं. मग कंपनीचा वकील म्हणाला, “मॅडम, ज्यांनी बंदूक विकली त्या तुमच्या भावाचा जबाब सोमवारी झाला. तिसरी किल्ली दिली का, असं स्पष्ट विचारलं होतं. ते शपथेवर नाही म्हणाले.”

मूर्खा! “विचारलं तर सांगेन” म्हणाला होतास! मी मार्चात गळ घातली तेव्हा ऐकलं नाहीस, आणि शेडचं वाचल्यावर पवित्र शास्त्रावर हात ठेवून खोटं बोललास, त्या माणसासाठी, ज्यानं तीन वर्षांत तुझं नाव शिवीशिवाय घेतलं नाही. तुला अण्णांनी लहानपणी फार कमी बडवलं.

त्यानं पुढे विचारलं, “कुलूप लावायचं कारण?” मी रॉईसकडे बघितलं. त्यानं मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे असं काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी सांगितलं. बादली, हनुवटी, पातेलं, सगळं. टाइप करणारी बाई मध्येच थांबली, मग “सावकाश बोला,” म्हणाली, आणि मला तेच सगळं पुन्हा सावकाश सांगावं लागलं. रॉईस खिडकीबाहेर बघत होता. कुणी त्याला काही विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

आठवड्यात दावा मागे घेतला. वेन्डेल फाटकापर्यंत आला, आत नाही. “घरातली गोष्ट घरात ठेवायची होतीस, वहिनी.” मी म्हटलं, “ती घरात ठेवली म्हणून माझा भाऊ बाहेर गेला.” त्यावर तो म्हणाला, “कुलूप तरी वाईटच.” मी म्हटलं, “असेल.” क्लबचे लोक रॉईसला आता फार सांभाळून हाक मारतात, आजाऱ्याला मारावी तशी. तो जाईनासा झालाय. पूर्वी अस्वलाशी लढलेला माणूस होता, आता शेडमधला माणूस झालाय. हे मी केलं, आणि शपथेवर केलं.

तुझ्यापुरतं एवढंच. वकील म्हणाला, टाइप झालेला जबाब हातात आल्यापासून वाचून सही करायला तीस दिवस असतात, त्यात चूक दुरुस्त करून पाठवता येते. चार-पाच दिवस उरलेत. आजच लिही, की दिली होती. परत ये असं मी म्हणत नाही. दुकानात आता भाड्यानं सिनेमे मिळतात. पण या गावात तुझ्या नावानं थुंकायला आता कुणाकडे कारण नाही, आणि ते तुला हवं असो नसो, मी मिळवलंय.

रॉईस माझ्याशी तेवीस दिवस बोलला नाही. काल जेवताना हरणाचं मांस कापून त्याच्या ताटात सरकवलं, तेव्हा ताटाकडेच बघत म्हणाला, “मी ते केलं नसतं, आर्डी.”

मी म्हटलं, “मला ठाऊक आहे.”

मला ठाऊक नाही, ऑरिन. सात महिने रोज ते कुलूप फिरवलं आणि मला आजही ठाऊक नाही. तो मात्र ऐकून जेवायला लागला, आणि मी भाजी गरम करायला उठले.

आर्डी